काळी दोन

ऐका ना, मधेच कोण बोलू नका, नायतर माझा धागा सुटतो. किमया आज इथं नाय ते एक बरंय, कारण अर्धा घोळ तिचा आहे, आणि ती असती तर तिनं अजून कबूल केलं नसतं.

पण आधी दाढ. दाढेशिवाय पुढचं कळणार नाय.

दिवाळी झाल्यावर मी अक्कलदाढ काढली. आडवी आलेली, खालची, डावीकडची. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नस दाढेला अगदी चिकटून आहे, ओठ थोडे दिवस बधीर राहील, कुणाकुणाचा जास्त राहतो. मी मान हलवली. दुखत एवढं होतं की त्यांनी डोकं काढतो म्हटलं असतं तरी हलवली असती. संध्याकाळी इंजेक्शन उतरलं, जीभ आली, गाल आला, वरचा ओठ आला. खालच्या ओठाची डावी बाजू आणि त्याखालची हनुवटी, ती आलीच नाय. तिथं अजून इंजेक्शन चालू आहे असं समजा. परत दाखवायला गेले तर डॉक्टर म्हणाले, नस झोपलीय, उठेल, काहींची उशिरा उठते. मग म्हणाले डोळे मीट, आता टोचलं की सांग. मी डोळे मिटून बसले, बसले, शेवटी म्हटलं टोचा ना. म्हणाले, टोचून झालं.

विशाल म्हणाला, "अक्कल काढायला गेली आणि ओठ देऊन आली."

विशाल म्हणजे आमचा बेंजोवाला. त्याच्या घरचा गणपतीचा कारखाना आहे इथं पेणला रामवाडीत, पत्र्याची मोठी शेड, तिथंच आमची प्रॅक्टिस. आम्ही म्हणजे रामवाडी जॅझ पार्टी. हसू नका, नाव निमिषनं ठेवलंय. निमिष बापट, बापटबाईंचा मुलगा, क्लॅरिनेट वाजवतो आणि शिकवणी घेतो. त्याला कॉलेजात असताना जुन्या जॅझचं वेड लागलं, शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला, रस्त्यावरून वाजवत जायचा, लग्नाला पण आणि मयताला पण. विशाल म्हणाला मग आपला खालूबाजा, सनई-ढोलांचा, काय वेगळा आहे. निमिष म्हणाला तेच तर. मग निमिषनं सांगितलं आपल्याला एक बँजो पाहिजे, म्हणजे तो तिकडचा, तारांचा, गोल ढोलकीसारखा, आणि विशाल म्हणाला आहे की माझ्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी आला तो आपला कोकणातला बेंजो घेऊन, बटणं दाबून वाजवायचा, अँप्लिफायरसकट, हळदीला वाजतो तो. निमिषनं दोन-तीन बटणं दाबून बघितली. मग म्हणाला, चालेल. त्या दिवसापासून आमचा जॅझ थोडा हळदीचाच आहे.

किमया साइड ड्रम वाजवते. ती आणि मी शाळेच्या बँडपासून एकत्र. मी ट्रम्पेट.

वाजवायचे, म्हणजे. ट्रम्पेटचं तोंड दहाच्या नाण्याएवढं, त्यात ओठ नेमका कुठं बसला, किती आवळला, हे कोण बघून करत नाय, ते ओठाला कळतं. माझ्या अर्ध्या ओठाला काहीच कळत नव्हतं. हवा डावीकडून फुस्स निघून जायची आणि मला पत्ता नाय. चहा गळायचा, भाताचं शीत हनुवटीला तसंच. तेव्हापासून किमयानं एक खूण ठरवली. माझ्या तोंडाला काय लागलं असलं की ती तिच्या स्वतःच्या हनुवटीला हात लावणार, मग मी पुसणार. लोकांना वाटायचं ती विचारात आहे.

आय रडली. मी नाय रडले. म्हणजे मुद्दाम नाय असं नाय, आलंच नाय. रडायला पण ओठ लागतो बहुतेक. बाबा मिठागरावर जातात, त्यांचे तळवे मिठानं एवढे जाड झालेत की खिळा गेला तरी घरी आल्यावर दिसतो. ते म्हणाले, "माज्या पायांना कुठं काय कळतं? चालतो का नाय मी?" आय म्हणाली, "तुमी पायानं पिपाणी वाजवता का?" विषय तिथंच संपला.

आता खरी गोष्ट. माघी गणपतीला विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवायचं काम आम्हाला मंडळानं दिलं. आमचं पहिलंच. निमिषनं माझ्या जागी साहिलला आणलं ट्रम्पेटला. साहिल चांगला आहे, वाईट नाय, फक्त त्याला कुठेही झोप लागते. मला कोणी जा म्हटलं नाय. मीच शेडमध्ये जाऊन बसायची आणि ते वाजवायचे. गणपतींच्या मधे बसायची, रंग वाळत घातलेले गणपती, आणि मी. एकदा निमिष आला आणि म्हणाला, ऋतुजा, आपल्याला बेसच नाहीये. खालून धरणारं कोणी नाही. ट्युबाचं तोंड केवढं असतं माहितीये? वाटीएवढं. त्यात दोन्ही ओठ मावतात, आवळायला पण लागत नाहीत, सैल सोडायचे. तुला जमेल कदाचित.

कदाचित म्हणाला. आणि मग म्हणाला, "मिरवणुकीच्या आधी जमायला हवं मात्र. नाहीतर मंडळाला पाच नावं दिली आहेत, ती चार करतो."

म्हणजे बघा. ट्युबा वाजला तर मी बँडमध्ये, नाय वाजला तर मी गणपतीत. मला त्याचं वाईट वाटलं का, ते मला अजून नक्की सांगता येत नाय. ऐकलं आणि बरं म्हटलं.

पहिला ट्युबा बघितला तो रघूचा. रघूचा लग्नाचा बँड आहे, रामवाडीतच गाळा. त्याच्याकडे तो फायबरचा पांढरा, गळ्यात घालायचा, तोंड पुढं वळवलेलं, अंगावर अजगर घेतल्यासारखा दिसतो माणूस. निमिषला तो आधी फार आवडला, कारण चालत वाजवता येतो आणि आवाज पुढं जातो, उभा ट्युबा असला की आवाज आकाशात. मी गळ्यात घातला. फुंकले. काय नाय. परत फुंकले, किमयानं ठोका दिला, पुढचा पण देऊन झाला, आणि मग कुठून तरी आतून एक भॉं आला, सरकारी उत्तर येतं तसा.

"हा फार मोठा आहे," निमिष म्हणाला. "बी फ्लॅट. जुन्या जॅझला बेस कसा हवा, एक आणि तीनच्या ठोक्याला टुणकन उडायला हवा. लगेच लागला पाहिजे आणि लगेच तुटला पाहिजे. हा हत्ती आहे. आपल्याला बकरा पाहिजे."

रघू म्हणाला, "बकरा पायजे तर मटनाच्या दुकानात जा ना. इथं कशाला आलास?"

आणि मला अजून एक अडचण होती ती मी सांगितली नाय. ते फायबर हलतच नव्हतं. पितळ हातात थरथरतं ना, फायबर नाय, आणि खांद्याला वर फोमची गादी. भॉं आला तो मला बाकीच्यांसारखा कानानंच कळला. मी वाजवला असं वाटलंच नाय. शेजारच्या घरात मिक्सर लागावा तसं.

रघूनं निघताना रोह्याच्या दाजीचा नंबर दिला. रोह्याजवळ वरश्याला राहतो, पूर्वी बँडमध्ये होता, त्याच्याकडे एक तोफ पडलीय माळ्यावर. आमच्याकडचे जुने बँडवाले बेसला, म्हणजे ट्युबाला, तोफ म्हणतात. आता हे रघूनं किमयाला सांगितलं, कारण किमया आमची मॅनेजर, आणि फोन केला तो पण किमयानं, घरून. आणि दाजींना ऐकायला कमी येतं.

किमयानं विचारलं, तुमच्याकडे तोफ आहे ना, कुठली आहे? तिकडून दाजी ओरडले, "काळी दोन." ती म्हणाली, काय? ते म्हणाले, "काळी दोन, काळी दोन. रविवारी या." आणि ठेवून दिला.

ग्रुपवर तिचा मेसेज आला. दाजींकडे दोन तोफा आहेत, काळ्या.

झालं. निमिष खूश, दोन आहेत तर निवडता येईल. विशाल म्हणाला काळ्या म्हणजे गंजल्या असणार, चिंच आणि मीठ लावून घासू, मीठ ऋतुजाच्या घरून. त्यानं रविवारी टेम्पो काढला, मूर्त्या पोचवायचा, आणि मागं पेंढ्याच्या दोन बैठका केल्या, मूर्तीला करतात तशा, मधे खोलगट. दोन्ही अगदी मूर्तीच्या मापाच्या. साहिलला बरोबर घेतला, म्हणजे वाजवून बघायला कोण तरी ओठवाला पाहिजे. हे निमिष म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून त्यानं जीभ चावली. मी म्हटलं बरोबर आहे.

वरश्यात आता सगळ्या बिल्डिंगी. दोन बिल्डिंगींच्या मधे दाजींचं कौलारू घर, आणि ओटीवर गोधडीत गुंडाळलेली तोफ, त्यांनी खाली काढून ठेवली होती. दाजी बनियनवर. आम्हा पाच जणांना बघून म्हणाले, एका बेसला एवढी माणसं? आमच्यात मी एकटा उचलायचो.

विशालनं गोधडी सोडली. एकच. आणि काळीबिळी नाय, पितळेची पिवळी, एका ठिकाणी पोचा.

किमया म्हणाली, "दुसरी कुठं आहे?"

"दुसरी कसली?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना. काळी दोन."

दाजी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना एवढं हसू आलं, एवढं, की खोकला लागला, आतून सूनबाई पाणी घेऊन आल्या. "ती पट्टी गो, पट्टी! पेटीची काळी दोन! काळी बटणं नसतात काय पेटीला, त्यातली दोन नंबरची. तोफ काळी दोनची हाय." आणि सूनबाईंना म्हणाले, "ह्या पोरींनी मला तोफांचा दुकानदार केलान."

निमिष हळूच म्हणाला, काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. आणि त्याचे डोळे मोठे झाले, कारण ई फ्लॅट म्हणजे लहान, चपळ, त्याला पाहिजे तोच बकरा. किमया लाल. विशाल म्हणाला, एक बैठक फुकट केली मी. दाजींनी विचारलं तू काय वाजवतोस, तो म्हणाला बेंजो, तर दाजी म्हणाले, "तुमी बेंजोवाले आलात म्हनून तर ही माळ्यावर गेली. आणि आता न्यायला पन तुमीच."

मग म्हणाले, कोण वाजवनार? वाजवून दाखवा, मग न्या.

मी पुढं झाले. खुर्चीवर बसले, तोफ मांडीवर घेतली, जड होती पण बसली बरोबर. दाजींनी टीव्ही बंद करायला लावला. सूनबाई दारात, शेजारच्या बिल्डिंगीतून दोन बायका गॅलरीत. मी वाटीला तोंड लावलं आणि फुंकले. हवा गेली नुसती, पंप मारल्यासारखी. मग आवळून फुंकले, ट्रम्पेटला आवळतात तसं, सवय आहे ना. काय नाय. परत. सगळे अगदी गप्प बघत होते, आणि मला वाटलं की हे आवाजाची वाट बघतायत. मी फुंकत राहिले. किमया पण बघत राहिली, तिनं हात हनुवटीला नेला नाय, ती पण विसरली.

मग दाजी म्हणाले, "पूस गो तोंड."

मी हात लावला तर हनुवटीवरून गळ्यापर्यंत लाळ, ड्रेसचा गळा भिजलेला, मोठा डाग. मला काहीच कळलं नव्हतं. सूनबाईंनी टॉवेल दिला. मी पुसलं. बघा, इथं मला लाज वाटायला पाहिजे होती ना? मी वाट बघितली तिची. टॉवेलाला फिनेलचा वास येत होता, तेवढं आठवतं.

साहिलनं घेतली मग. पहिल्याच फुंकीला लागली. गोल, मऊ आवाज, आणि तुटला की तुटला, शेपूट नाय. कौलांतून धूळ पडली. दाजी डोळे मिटून नाय हां, नीट उघडे ठेवून बघत होते, म्हणाले, "हाय की जिवंत." आणि म्हणाले, "ज्याला वाजल त्यानं न्या. पन परत आनू नका. माळ्यावर चढवायला आता मी नाय चढनार."

ज्याला वाजेल त्यानं. तोफ टेम्पोत चढली.

वडखळला चहाला थांबलो. सगळे खूप बोलत होते, किमया काळी दोनवरून शिव्या खात होती. निमिष चहात बघत म्हणाला, "तात्पुरतं, म्हणजे मिरवणुकीपुरतं, साहिल बेस घेईल. मेलडी मी एकट्यानं ओढतो. ऋतुजा, तू अनाउन्समेंट कर ना. म्हणजे आपण कोण, कुठले, हे लोकांना सांगायला कोणीतरी लागतंच."

विशाल म्हणाला, "पेणच्या लोकांना आपण पेणचे हे सांगायला?"

"तू गप रे."

मी बरं म्हटलं. पेण म्हणताना सुरुवातीला ओठ मिटतात ना, ते माझे मिटले की नाय ते मला कळत नाय, पण बरं म्हटलं. चहा उजवीकडून प्यायले. पाच नावांची चार झाली होती आणि माझं नाव माईकवर गेलं होतं.

मागं मी आणि साहिल. साहिल रिकाम्या बैठकीत, ती दुसऱ्या तोफेची, त्यात अंगाचं मुटकुळं करून बसला आणि वडखळचा पूल यायच्या आत झोपला. तोफ तिच्या स्वतःच्या बैठकीत नीट बसेना, बैठक मूर्तीच्या मापाची, म्हणून मी ती मांडीवर घेतली, कारण आपटली असती. हायवे तुम्हाला माहितीच आहे. एक खड्डा आला आणि वाटी माझ्या दातावर आपटली. मग मी ती तोंडावरच दाबून धरली, म्हणजे परत आपटायला नको. बस एवढंच. वाजवायचं मनातच नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, ओठ सैल, आवळायला कशाला आवळू, आता काय वाजवायचं नव्हतं. पुढचा खड्डा आला तसा पोटातून श्वास दणकन बाहेर आला.

आणि मांडीला कळलं.

म्हणजे कानाला नंतर. आधी मांडीला, दोन्ही मांड्यांना, मग बरगडीला जिथं नळी टेकली होती. भॉं नाय, भॉं रघूचा होता. हा डुम् असा.

टेम्पो एकदम डावीकडं गेला. विशालला वाटलं मागून ट्रक हॉर्न देतोय, त्यानं साइड दिली. साहिल उठून बसला, म्हणाला, "ट्रक हाय काय?" मी परत फुंकले, तसंच सैल, ओठाला काय वाटतंय ते बघायचंच नाय, नसतंच काय तिथं, मांडीकडं लक्ष. डुम्. विशालनं अजून साइड दिली आणि आम्ही जवळजवळ शेतात. पुढून शिव्या ऐकू आल्या. साहिल माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आहेस?"

मी म्हटलं, मांडी आहे.

पेणपर्यंत फुंकत आले. दोन सूर सापडले. एक खालचा, पूर्ण सैल. दुसरा त्याच्या वरचा, थोडासा आवळून, तो मांडीवरून सरकून पोटात लागायचा. तिसऱ्याला गेले की आवळायला लागायचं आणि सगळं फुस्स. पिस्टन दाबला की थरथर कुठं तरी दुसरीकडंच जायची आणि मला सूर आहे की नाय तेच कळायचं नाय. दोनच. पण ते दोन लागायचे, म्हणजे लागायचेच, फुंकलं की लगेच.

शेडमध्ये उतरल्यावर मी सगळ्यांसमोर वाजवले. पत्रे थरथरले, एका गणपतीच्या हातावरचा सुकलेला रंग पडला, विशाल ओरडला. निमिषनं मोबाइलवर सूर तपासले. मग बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

"हा ई फ्लॅट. म्हणजे दाजींची काळी दोन," तो म्हणाला. "आणि वरचा बी फ्लॅट."

"म्हणजे?" किमया म्हणाली. ती आता कुठलीही पट्टी नीट विचारून घेत होती.

"काळी पाच."

"म्हणजे शेवटी काळ्या दोनच निघाल्या की," किमया म्हणाली. "मी काय वेगळं सांगितलं होतं?"

निमिष म्हणाला, अडचण अशी आहे की आपण सगळं काळी पाचमध्ये बसवलंय. त्यात हे दोन सूर पुरत नाहीत, मधेच अडकतील. पण गाणंच जर काळी दोनमध्ये घेतलं, तर ह्या दोन सुरांवर जवळजवळ सगळं धकतं. जवळजवळ. पण मग सगळ्यांना सगळं बदलायला लागेल. आणि मिरवणूक जवळ आलीय.

आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं, की जाऊ दे, साहिलला दे. मी तोफ मांडीवरून काढली नाय. म्हटलं, "काळी दोनमध्ये घ्या."

विशाल म्हणाला, "माझा सगळा बेंजो परत लावायला लागेल. तारा तुटतील."

"तोड."

"साहिलला वर जायला लागेल," निमिष म्हणाला. "वरचे सूर फाटतील त्याचे."

सगळे साहिलकडे बघायला लागले. तोफ त्याची होती खरं तर. ज्याला वाजेल त्यानं, असं दाजींनी सांगितलं होतं. साहिलनं जांभई दिली. म्हणाला, "फाटू दे. लोकांना वाटेल जॅझ आहे. ती तोफ मला नको, मांडीला घाम येतो तिच्यानं."

निमिषनं मंडळाला फोन केला की पाच नावंच ठेवा. अनाउन्समेंटला मंडळाचाच माणूस आहे म्हणाले. निमिषला चालत वाजवायचं होतं, तिकडं चालतात म्हणून. मी म्हटलं मी बसूनच, ही उभ्यानं धरली तर मांडी कुठून आणू. मग मंडळाचा सजवलेला टेम्पो ठरला, मी मधे खुर्चीवर, बाकीचे कडेला. वर मांडवाचं कापड होतं म्हणून आवाज आकाशात गेला नाय, खालीच राहिला. निमिषची ती आकाशाची काळजी पण मिटली.

मिरवणूक दुपारीच निघाली. ऊन होतं. रामवाडीतून बाहेर पडलो तेव्हा पुढं ढोल, मागं आम्ही, त्यांच्यापुढं आमचं काय ऐकू येणार, पण ढोल चौकात थांबले की आमची पाळी. किमयानं ठोका दिला. एकला मी खालचा, तीनला वरचा. काळी दोन, काळी पाच. काळी दोन, काळी पाच. साहिलचे सूर फाटले, विशालचा बेंजो मधेच हळदीत गेला आणि पुढची पोरं आगरी नाचच नाचायला लागली, निमिषनं आधी तोंड वाकडं केलं आणि मग तोच त्यांच्या मागं वाजवत गेला. जवळजवळ म्हणाला होता ना निमिष, ती जागा आली तिथं मी दोन ठोके गप्प बसले. कोणाच्या लक्षात आलं नाय.

कडेला आय उभी होती, बाबा पण, मिठागरावरून तसेच आलेले. बाबा माझ्या पायांकडे बघत होते. का ते मला माहीत नाय.

तुम्ही विचाराल भारी वाटलं असेल ना. मला नाय माहीत. सगळं थोडं लांब होतं, काचेपलीकडं असतं तसं, गुलाल, ढोल, आय. जवळ होती ती फक्त तोफ. मांडीला एक, पोटाला तीन. मधे काही नाय.

कोर्टाच्या वळणावर किमयाचं माझ्याकडं लक्ष गेलं. दोन ठोक्यांच्या मधे तिनं काठी उलटी केली आणि पटकन हनुवटीला लावली. मग परत लावली, डोळे मोठे करून. म्हणजे खूपच गळत असणार. मंडळाची सगळी माणसं बघत होती, समोर कोण तरी मोबाइल धरून.

माझे दोन्ही हात तोफेला होते. काढले असते तर खालचा सूर चुकला असता.

मी मान हलवली, नाय म्हणून, आणि एकला फुंकले.